लिहून घेणार कोण?

माझे वडील, आप्पा, 2018 च्या नोव्हेंबरात गेले. तेराव्याला पंगत उठल्यावर आईच्या चुलतभावाने मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "बाई, जमिनीच्या नोंदीचं बघा. तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवावं लागतं." मी पुण्यात एका शाळेत लेखनिक आहे. दाखले, जावक क्रमांक, शिक्के यांत वीस वर्षं काढली, तेव्हा मला वाटलं, हे आपल्या हातचं काम. चार कागद जोडायचे, अर्ज द्यायचा, आप्पांचं नाव उतरेल, आमची लागतील. भाऊ गावी शेती बघतो, त्याला कचेरीचा कंटाळा. त्याने सगळं माझ्यावर टाकलं. पुढे चौदा महिने मी सातारा रोडवरच्या एसटीत काढले.

जमीन फार नाही. दोन गट मिळून 1 हेक्टर 44 आर. एक गट कालव्याखाली, त्यात ऊस आणि कधी आलं. दुसरा माळाकडचा, घेवडा आणि ज्वारीचा. विहिरीत चौथा हिस्सा.

तलाठ्याला आमच्याकडे भाऊसाहेब म्हणतात. आता सरकारने त्यांचं नाव ग्राम महसूल अधिकारी असं केलंय, पण गावात अजून कुणाच्या तोंडात ते बसलेलं नाही. त्यांच्या सजेत तीन गावं, आमच्या चावडीत ते आठवड्यातून दोन दिवस. एरवी टेबलाशी बसलेला असतो तो त्यांचा 'झिरो', म्हणजे पगारपत्रकावर नसलेला पण सगळं काम करणारा पोरगा. मृत्यूचा दाखला, वंशावळ, वारसांचं शपथपत्र, पोलीस पाटलाचा दाखला, आधार, रेशन कार्ड एवढं मी जानेवारीत दिलं. वारस म्हणून आई, भाऊ आणि मी. झिरोने वंशावळीवर बोट ठेवलं, माझ्या नावावर. "ताईंचं लावायचंय?" असं त्याने भावाला विचारलं, मी समोर उभी असताना. भाऊ म्हणाला, "लावा की. वारस म्हटल्यावर लावावंच लागतं ना?" त्याच्या त्या 'लावावंच लागतं'मध्ये थोडी हळहळ होती का, हे मला तेव्हा कळलं नाही.

लावावंच लागतं, हे खरं. मृत्युपत्र नसेल तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पहिल्या वर्गातले वारस म्हणजे मुलगा, मुलगी, बायको, आई, सगळे एकाच रांगेत. आमच्या वकिलांनी पहिल्याच भेटीत एक गोष्ट समजावली, आणि ती मी नंतर कितीतरी जणांना सांगितली. नोंद झाल्याने मालकी येत नाही. आप्पांचा श्वास थांबला त्या मिनिटाला त्यांचा हिस्सा आमच्याकडे आला, सातबाऱ्याला ते अजून कळलेलं नाही इतकंच. सातबारा मुळात महसुलाचा कागद, शेतसारा कुणाकडून घ्यायचा ते सांगणारा. त्यातली नोंद खोटी ठरेपर्यंत खरी मानायची, असं जमीन महसूल संहितेचं कलम 157 म्हणतं, पण सातबारा काही मालकीचा दस्तऐवज नव्हे. मी मान हलवली. मनात मात्र म्हटलं, हे बँकेला सांगून बघा.

झिरोने कॉम्प्युटरवर सातबारा काढला आणि आमची गाडी तिथेच थांबली. दोन चुका होत्या. आप्पांच्या वडिलांच्या नावातल्या 'भ'चा 'म' झाला होता. ही चूक तशी करमणुकीची, हस्तलिखित सातबारे संगणकात भरताना अख्ख्या महाराष्ट्रात असले 'म' सांडलेत. दुसरी चूक मला आधी चूक वाटलीच नाही. 'इतर अधिकार' या रकान्यात थोरल्या आत्याचं नाव होतं. फक्त थोरल्या. धाकटी कुठेच नव्हती.

खरं सांगायचं तर आत्यांची नावं आमच्या सातबाऱ्यावर आहेत किंवा असायला हवीत, हा विचार तोवर माझ्या डोक्यातसुद्धा आला नव्हता. आत्या म्हणजे दिवाळीला येणाऱ्या, जाताना घेवड्याचं गाठोडं घेऊन जाणाऱ्या.

जुना फेरफार, म्हणजे तेव्हा नावं कशी बदलली त्याची नोंद, हवा होता. तालुक्याच्या कचेरीत मागच्या बाजूला अभिलेख कक्ष असतो. तिथे अर्ज, तिकीट, आणि मग थांबणं. दुसऱ्या खेपेला तिथल्या मावशींनी लाल फडक्यात बांधलेला गठ्ठा सोडला. कागद विड्याच्या पानासारखे पिवळे, कडा खाल्लेल्या. गाव नमुना 6, फेरफार नोंदवही, 1986 साल. निळ्या शाईत लिहिलेलं: खातेदार मयत, वारस पत्नी, मुलगा, मुली दोन. त्याखाली दुसऱ्या हाताने एक ओळ होती, 'मुलाचे नाव कब्जेदार सदरी, पत्नी व मुलींची नावे इतर हक्कात.' बाजूला सर्कलची, म्हणजे मंडळ अधिकाऱ्याची, सही आणि 'प्रमाणित'. मी ती ओळ तीन-चार वेळा वाचली. त्यात कुणी कुणाचं काही लुटलं नव्हतं. आत्यांना विचारलं असेल का, तेही त्यात नव्हतं. त्या काळी सगळ्या गावात हेच चालायचं. कायद्याने नाव टाळता येत नाही, रीतीने ते मुख्य जागी, म्हणजे कब्जेदारांत, लावता येत नाही, म्हणून मग इतर हक्काचा कोपरा. त्याच कोपऱ्यातून पुढे संगणकात भरताना धाकटी आत्या गळून पडली. इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही, तिच्याही.

लेखनातली चूक दुरुस्त करायला कलम 155 खाली तहसीलदारांकडे अर्ज करावा लागतो. मार्चमध्ये केला. एप्रिलमध्ये लोकसभा, सगळी कचेरी मतदान यंत्रांच्या मागे. मे महिन्यात साहेब बदलले. ऑगस्टमध्ये कृष्णा-कोयनेला पूर आला आणि तलाठी, सर्कल सगळे पंचनाम्यांना. मी एकदा फोन केला तर भाऊसाहेब गुडघाभर पाण्यात होते. त्या दिवसानंतर मी त्यांना फोन करायचं सोडून दिलं. आदेश सप्टेंबरच्या शेवटी आला. 'भ' परत आला. धाकटी आत्याही, आणि या वेळी दोघी आत्या इतर हक्कातून उचलून कब्जेदारांच्या रांगेत. आमच्या तिघांची वारस नोंदही त्याच सुमाराला प्रमाणित झाली.

म्हणजे एक नाव उतरवायला गेलेली मी पाच नावं चढवून आले. भाऊ सातबारा हातात धरून बराच वेळ बघत होता. म्हणाला, "आप्पांचं एकट्याचं होतं तेव्हा बरं होतं."

वकिलांनी पाकिटाच्या मागे हिशोब मांडला. आजोबा 1986 ला गेले तेव्हा मनातल्या मनात एक वाटणी झाली असं धरायचं: आजोबा, आजी, आप्पा, प्रत्येकी तिसरा हिस्सा. आजोबांच्या तिसऱ्याचे चार वाटे. मग आजी 2003 ला गेली, तिच्या वाट्याचे तीन. सगळं जमवलं की प्रत्येक आत्येचे नवव्यातले दोन. आमच्या 144 आरातले 32, म्हणजे पाऊण एकराच्या वर. मला अपूर्णांक समोर दिसले की अजूनही सातवीतल्या गुरुजींची छडी आठवते, पण तो हिशोब मी वहीत उतरवून घेतला. पुढे 2020 च्या 11 ऑगस्टला सुप्रीम कोर्टाने विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की मुलीचा वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क जन्माचा, वडील वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीआधी गेलेले असले तरी. त्या दिवशी वकिलांचा फोन आला होता. "तुमच्या धाकट्या आत्यांचा आता तिसरा हिस्सा निघतो बरं का," म्हणाले. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

मधल्या काळात आप्पांच्या पत्र्याच्या पेटीत आणखी एक कागद सापडला. 1997 साली शेजाऱ्याकडून बांधालगतचे दहा गुंठे घेतल्याचं साठेखत. शंभराचा मुद्रांक, नोटरीचा लाल शिक्का, पूर्ण रक्कम पोचल्याची पावती, दोन साक्षीदार, दोघेही आता नाहीत. आम्ही वीस वर्षं ते दहा गुंठे आमचेच म्हणून कसतोय. वकिलांनी कागद उलटसुलट बघितला आणि अलगद परत दिला. शंभर रुपयांच्या वरची स्थावर मिळकत विकायची तर खरेदीखत नोंदवलंच पाहिजे, हे 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातलं कलम 54. साठेखत म्हणजे पुढे विकीन असा करार, त्याने मालकी हलत नाही. आणि नोटरीने फक्त सही कुणाची ते बघितलेलं असतं. हल्ली लोक साठेखताच्या जोडीला कुलमुखत्यारपत्र करून घेतात आणि निर्धास्त होतात. 2011 साली सूरज लॅम्प खटल्यात सुप्रीम कोर्टाने त्यालाही विक्री म्हणायला नकार दिलाय. आप्पांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. दहा गुंठे म्हणजे तुकडा, तुकडेबंदीमुळे तेव्हा नोंदच झाली नसती, म्हणून दोघांनी विश्वासावर भागवलं. शेजाऱ्याची मुलं अजून तरी काही म्हणत नाहीत. ते दहा गुंठे त्यांच्याच सातबाऱ्यावर आहेत.

तर आत्यांचं. गावात याला एकच उपाय सगळ्यांना पाठ असतो: हक्कसोड. बहिणींनी लिहून द्यायचं, साडीचोळी घ्यायची, माहेर शाबूत ठेवायचं. भावाने गृहीतच धरलं होतं. एका ओळखीच्याने त्याला सांगितलंही की रजिस्टर कशाला, नोटरीकडे करून घे, स्वस्तात होईल. मी पेटीतला कागद त्याच्यापुढे धरला. मग तो विषय निघाला नाही. वडिलोपार्जित जमिनीत बहीण-भावात किंवा त्यांच्या वारसांत हक्कसोड असेल तर तेव्हा मुद्रांक दोनशे रुपयांचा लागायचा, त्यात वाचवायचं ते काय?

2019 ची भाऊबीज 29 ऑक्टोबरला होती. दोघी आत्या आल्या. ओवाळायला आप्पा नव्हते, त्यांनी भाच्याला ओवाळलं. दुपारी माजघरात थोरली आत्या पान लावत होती, धाकटी डाळ निवडत होती. आई म्हणाली, "तुम्ही दोघींनी सही दिली असती तर पोराचं एक काम झालं असतं." थोरलीने लगेच होकार दिला. तिला विचारच करायचा नव्हता. दुष्काळी तालुक्यात दिलेली, नवरा लवकर गेला, दरवर्षी इथून ज्वारीचं एक पोतं जायचं तिच्याकडे, त्यावर चार महिने निघायचे. ती म्हणाली, "मला काय करायचंय जमीन? येत राहीन, जेवायला घाला म्हणजे झालं."

धाकटी डाळीतले खडे काढत राहिली. मग मान वर न करता मला म्हणाली, "आणि तू? तूही सोडणारेस?"

मी उत्तर तयार ठेवलेलं नव्हतं. खरं तर होतं, पण ते असं सगळ्यांसमोर म्हणावं लागेल असं वाटलं नव्हतं. वर्षभर मी सह्या गोळा करत होते. आत्यांचे हिस्से मोजले, त्यांचं नाव परत आणलं, आणि आता त्यांनी ते सोडावं यासाठी त्यांच्यापुढे बसले होते. माझं स्वतःचं नाव मात्र कुठल्याही कागदावर 'लिहून देणार' म्हणून येणार नव्हतं, हे मी मनाशी कधीच ठरवलं होतं. का, ते मला नीट सांगता येणार नाही. पुण्यातल्या भाड्याच्या दोन खोल्या, हे एक कारण असेल. तो झिरो, हे दुसरं असेल.

"नाही आत्या," मी म्हटलं. "माझं राहणार."

तिने सुपातला एक खडा उचलला, निरखला, अंगणात टाकला. "मग माझंही राहू दे."

भांडण वगैरे काही झालं नाही. आई उठून चहा ठेवायला गेली. भाऊ ओट्यावर होता, त्याने ऐकलं असणार, कारण तो चहाला आत आला नाही. संध्याकाळी धाकटीला एसटीवर सोडायला मीच गेले. वाटेत ती राहते त्या हडपसरच्या पाण्याविषयी, नातवाच्या शाळेविषयी बोलत होती. गाडीत चढताना एवढंच म्हणाली, "तू सोडलं असतंस ना, तर मीही सोडलं असतं गं."

डिसेंबरात थोरलीचं हक्कसोडपत्र केलं. तालुक्याला कचेरीच्या आवारात पिंपळाखाली तीन-चार बाँड रायटर बसतात. पूर्वी टाइपरायटर होते, आता लॅपटॉप आणि गाडीच्या बॅटरीवरचा प्रिंटर. आमच्याने मसुदा छापूनच ठेवला होता. मी सवयीने वाचायला घेतला. 'लिहून देणार' थोरली आत्या. 'लिहून घेणार' फक्त भाऊ. आईचं नाव नाही, माझं नाही.

मी म्हटलं, "हे कुणी सांगितलं?" बाँड रायटरने भावाकडे बघितलं. भाऊ मोटारसायकलच्या आरशाकडे. माझी कानशिलं तापली. तेवढ्यात आत्या म्हणाली, "मी सांगितलं त्याला. जो कसतो त्याला देते मी माझं. तुझ्या वाट्याचं तू ठेवलंस, चांगलं केलंस. माझ्या वाट्याचं मी कुणाला देते ते माझं मला ठरवू दे की."

सहहिस्सेदारांपैकी एकट्याच्या लाभातही हक्क सोडता येतो. मी वकिलांना फोन करून विचारलंसुद्धा, पिंपळाच्या मागे जाऊन. ते म्हणाले, "येतो. तिचा हिस्सा आहे." मी परत आले आणि फक्त एका शब्दाची दुरुस्ती सुचवली. 'राजीखुशीने'च्या पुढे 'विनामोबदला' राहिला होता.

दुय्यम निबंधकांच्या कचेरीत माहिती आधीच ऑनलाइन भरून घेतलेली असते, त्याचा नंबर द्यायचा, हाताळणी शुल्क भरायचं (तेव्हा पानामागे वीस रुपये होतं) आणि बाकावर बसायचं. आमच्या पुढे एका बंगल्याचं खरेदीखत होतं, त्या लोकांनी पेढे आणले होते. सगळ्यांना वाटले, आम्हालाही. नंबर आला तशी आत्या डोक्यावर पदर घेऊन आत गेली. कॅमेऱ्यापुढे बसली, फोटो निघाला. मग अंगठा.

काचेचा छोटा ठोकळा, आत लाल उजेड. आत्याने अंगठा ठेवला. यंत्र काही बोललं नाही. ऑपरेटर मुलगी म्हणाली, "आजी, दाबा." आत्याने दाबला, नख पांढरं होईपर्यंत. स्क्रीनवर नुसता करडा डाग. मुलीने काच पुसली, आत्याला म्हणाली, पदराला पुसा. पुसला. परत डाग. डावा घेतला. त्याचंही तेच. मी तिचा हात हातात घेऊन बघितला तेव्हा कळलं, अंगठ्याला रेषाच उरल्या नव्हत्या. चाळीस वर्षं लोकांच्या रानात खुरपं धरून, ज्वारी काढून, हळद शिजवून तो घोटल्या दगडासारखा गुळगुळीत झाला होता. मधोमध तेवढी एक आडवी भेग. मुलीने ड्रॉवरमधून पावडरचा डबा काढला. म्हणजे हे रोजचंच असणार. चिमूटभर पावडर, ओल्या फडक्याचा एक हात, परत ठोकळा. सहाव्या-सातव्या खेपेला काहीतरी दोन-चार वळणं उमटली आणि मुलीने घाईने बटण दाबलं, जणू ती पळून जातील. शाईचा अंगठा मात्र रजिस्टरवर पहिल्या झटक्यात उठला, काळाकुट्ट, भेगेसकट.

साहेबांनी विचारलं, "वाचून दाखवलंय ना? मान्य आहे? कुणी जबरदस्ती केली नाही ना?" आत्या म्हणाली, "कोण करतंय जबरदस्ती! माझ्या भावाचं पोर हाय." दोन ओळखदारांच्या सह्या झाल्या, दस्त स्कॅन झाला, अर्ध्या-पाऊण तासात शिक्क्यानिशी हातात. सोबत सूची क्रमांक 2 ची, म्हणजे दस्ताच्या गोषवाऱ्याची, प्रत. चौदा महिन्यांच्या कामातलं हे सगळ्यात चटकन झालेलं काम. कायद्याच्या लेखी थोरलीचे 32 आर भावाच्या नावावर गेले ते इथे, या अर्ध्या तासात. बाकी सगळी तयारी नाहीतर निस्तरणं.

नोंदवलेल्या दस्ताची वर्दी तलाठ्याला वेगळी द्यावी लागत नाही, ती ई-फेरफारमधून आपोआप जाते. भाऊसाहेबांनी फेरफार धरला, सगळ्या हितसंबंधितांना नोटिसा काढल्या, एक प्रत चावडीच्या फळ्यावर. हरकतीला पंधरा दिवस. या पंधरा दिवसांत गावातला कुणीही उठून तक्रार नोंदवू शकतो, आणि मग सर्कलपुढे सुनावणी, तिथून प्रांतांकडे अपील, आणि पोरांची लग्नं होईपर्यंत ते चालतं. रोज सकाळी मी भावाला विचारायचे, "कुणी काही दिलं का?" तो "नाही" म्हणून फोन ठेवायचा. त्या दिवसांत आमचं बोलणं तेवढंच. नोटीस धाकट्या आत्यालाही गेली होती. ती हरकत घेईल अशी भीती त्याला होती, आणि ती घेणार नाही हे मला माहीत होतं, पण मी ते त्याला सांगितलं नाही. तेवढा दुष्टपणा माझ्यात निघाला.

जानेवारी 2020 मध्ये सर्कलने नोंद प्रमाणित केली. मी पुण्यात ऑफिसच्या कॉम्प्युटरवर पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा काढला. खातेदार चार: आई, भाऊ, मी, धाकटी आत्या. थोरलीच्या नावाला कंस पडला होता, जुन्या सातबाऱ्यावर मेलेल्या माणसाच्या नावाला पडतो तसाच. पुढे फेरफार क्रमांक. आत्या त्या दिवशी ठणठणीत होती, मी मुद्दाम फोन करून बघितला. तिच्याकडे ज्वारीचं पोतं पोचलं होतं. या वर्षी दोन पाठवली होती भावाने.

मग टाळेबंदी लागली. भाऊ माझ्याशी तुटक होताच, आता जाणं-येणंही बंद. मे महिन्याच्या मध्याला सकाळी साडेसहाला एका अनोळखी नंबरवरून फोन आला, भाजीचा टेम्पो पुण्याकडे निघालाय, कात्रजला चौकात येऊन थांबा. मी मास्क लावून गेले. ड्रायव्हरने एक पोतं उतरवलं: घेवडा, ओलं आलं, आईने केलेल्या कुरडया. वर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक लिफाफा.

आत गावच्या सोसायटीचा पीककर्जाचा अर्ज होता. सातबाऱ्यावर एकाहून जास्त नावं असली की बाकीच्यांची संमती लागते, शाईच्या सहीची, व्हॉट्सअ‍ॅपवरची चालत नाही. आप्पांच्या वेळी हा कागदच नव्हता. चिठ्ठी वगैरे काही नव्हती. नुसता अर्ज, आणि मी चुकीच्या जागी सही करू नये म्हणून भावाने शिसपेन्सिलीने फुल्या मारल्या होत्या. एक माझ्या नावापुढे, एक आत्याच्या. आत्याच्या फुलीशेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'हडपसरला जाऊन घेशील का. टेम्पो शुक्रवारी परत येतोय.'